विषाणूला डोकं नसतं

‘औषध सुरू केलं की विषाणू हुशार होतो, रूप बदलतो आणि मग औषधाला दाद देत नाही.’ टीव्हीवरच्या चर्चेपासून दवाखान्यातल्या बाकापर्यंत हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. नुसतं अज्ञान असतं तर सोडून दिलं असतं. पण त्याच्या पोटात पुढचा प्रश्न दडलेला असतो: मग औषध घ्यायचंच कशाला?

एचआयव्हीचा हिशेब बघा. त्याची जनुकीय संहिता जेमतेम दहा हजार अक्षरांची. तिची नक्कल करणारं विकर धांदरट आहे. साधारण तीस हजार अक्षरांमागे एक चूक करतं आणि ती दुरुस्तही करत नाही. या चुका म्हणजेच म्युटेशन. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात, असं पेरेल्सन, हो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं. गुणाकार करा: एका अक्षराचा जो जो बदल शक्य आहे, तो रोज कुठेतरी होऊन जातो. बहुतेक बदल विषाणूलाच महागात पडतात.

लॅमिव्ह्युडिन या एचआयव्हीवरच्या औषधाला दाद न देण्यासाठी एकच अक्षर बदलावं लागतं. असे विषाणू पहिली गोळी पोटात जाण्याआधीपासून रुग्णाच्या शरीरात असतात, पण मूठभर. कारण या बदलामुळे नकला काढण्यात ते मंद होतात. औषध मूळ विषाणूंना अडवतं आणि या मंदांचं फावतं. एकटं लॅमिव्ह्युडिन दिलं, तर काही आठवड्यांत त्यांचंच राज्य. आधी बदल, मग औषध. क्रम हा आहे.

तीन औषधं एकदम देतात ती यासाठीच. तिन्हींना चुकवणारे बदल एकाच नकलेत जुळून येणं जवळपास अशक्य. शिवाय नक्कलच थांबली तर चूक होणार कुठून? धोका आहे तो धरसोडीचा. रक्तातलं औषध उतरतं, नकला सुरू होतात आणि उरलंसुरलं औषध चाळणीचं काम करतं.

आता कुणी करोनावरच्या मोल्नुपिराविरचं नाव काढेल. बरोबर, ते औषध मुद्दामच चुका वाढवतं, इतक्या की विषाणू कोलमडावा. २०२३ मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासात त्याच्या खुणा असलेले करोना विषाणू सापडलेही. पण त्या चुकाही आंधळ्याच.

तरी शंका असेल, तर केंब्रिजच्या रुग्णाची नोंद वाचा (‘नेचर’, २०२१). सत्तरी ओलांडलेला, प्रतिकारशक्ती खालावलेला माणूस. करोनाशी १०१ दिवस झुंजून गेला. डॉक्टर वेळोवेळी नमुने घेऊन विषाणूची संहिता वाचत होते. रेमडेसिव्हिरचे दोन कोर्स झाले, विषाणूंच्या सरमिसळीत फारसा फरक नाही. मग बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा दिला आणि काटा-प्रथिनात दोन बदल असलेला प्रकार वर आला. एका बदलामुळे प्रतिपिंडांचा मारा थोडा बोथट होत होता, पण संसर्गाची ताकदही घटत होती. दुसरा बहुधा ती घट भरून काढत होता. प्लाझ्मातली प्रतिपिंडं ओसरली, तो प्रकार मागे पडला. पुन्हा प्लाझ्मा दिला, पुन्हा तोच वर. ‘शिकलेला’ विषाणू मधल्या काळात धडा विसरला होता की काय?

बाकीचे गैरसमज झटपट. रुग्णात एकाच रूपाचा विषाणू असतो? नाही, गर्दी असते. रिपोर्टात दिसतो तो बहुमतवाला. काळ गेला की विषाणू सौम्य होतोच? नेदरलँड्समध्ये एचआयव्हीचा अधिक घातक प्रकार पसरल्याचं २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं आहे. लशींनी करोनाचा डेल्टा प्रकार जन्माला घातला? डेल्टाचे सर्वांत जुने ज्ञात नमुने भारतातले, ऑक्टोबर २०२०चे. आपलं लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ला.

औषध बंद केलं की औषधाला न जुमानणारा एचआयव्ही निघून जातो, हाही एक लाडका समज. तो रक्तात दिसेनासा होतो, पण पेशींच्या डीएनएत लपून राहतो. म्हणूनच रिपोर्ट स्वच्छ दिसला, तरी एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रातले डॉक्टर जुन्या गोळ्यांची नावं खोदून खोदून विचारतात.