आजारपणाची वाट (लेखांक 6) : ‘मन घट्ट कर’ म्हणण्याआधी

गेल्या आठवड्यात आपण रिपोर्ट हातात पडतो त्या दिवसाबद्दल बोललो. आज त्यानंतरच्या दिवसांबद्दल, म्हणजे लोक भेटायला येऊ लागतात तेव्हापासूनचं.

पर्वत पाटियाच्या आमच्या गल्लीत कुणाला मोठं दुखणं निघालं की संध्याकाळपर्यंत घर भरतं. शिंदखेडा, अमळनेर, शहादा, पारोळा इथून सुरतेला आलेली ही माणसं. पुरुष लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला, बायका घरी बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या, टिकल्या लावणाऱ्या. येताना कुणी केळी आणतं, कुणी सप्तशृंगीच्या गडावरचा अंगारा. आणि उठताना प्रत्येक जण तेच बोलून जातो : मन घट्ट कर, सगळं ठीक होईल.

आमच्या शेजारच्या चाळिशीतल्या एका बाईंनी छातीतली गाठ पाच महिने लपवली. पैशांची भीती होतीच. पण खरं कारण मला फार उशिरा कळलं. आदल्या श्रावणात त्यांच्या घरी सुतक होतं आणि कानबाईचे रोट करायचे राहिले होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा खानदेशी माणूस कुठेही असला तरी घराकडे ओढला जातो. तो रविवार चुकला आणि पुढे गाठ हाताला लागली. बाईंनी मनातल्या मनात दोन्हीची सांगड घातली. ज्या देवीकडे धावायचं तिच्याच समोर जायची त्यांना लाज वाटू लागली. मला म्हणाल्या, “असं कोणतं पाप करं व्हतं मी?” हा प्रश्न त्या पाच महिने रोज रात्री, घरातले सगळे झोपल्यावर स्वतःला विचारत होत्या.

श्रद्धा आजाऱ्याला आधार देते असं आपण सरसकट म्हणतो. पण कोणती श्रद्धा, हे विचारायला हवं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांचा अभ्यास केला. तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘देवाने मला टाकलं’, ‘देवाचं माझ्यावर प्रेमच नाही’, ‘हे सैतानाचं काम आहे’ अशा विचारांत जे अडकले होते, त्यांना पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका 19 ते 28 टक्क्यांनी जास्त आढळला. मूळचा आजार किती बळावलेला होता हे हिशेबात धरूनही हा फरक उरला. ही माणसं देव मानणारीच होती. त्यांचं देवाशी भांडण झालं होतं आणि ते मिटवायला मध्ये कुणी नव्हतं, असं मी ते वाचते.

आमच्या बाईंचं भांडण त्यांच्या थोरल्या जावेने मिटवलं. गाठीचं कळल्यावर ती रागावलीच. म्हणाली, “माय कधी आपला पोरले गाठ देस का?” दुसऱ्या दिवशी ती त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. मी कितीही शास्त्र सांगितलं असतं तरी ते त्या घरात या एका वाक्याइतकं खोल गेलं नसतं. कोपाची देवी त्या वाक्याने पुन्हा माय झाली.

आता ‘मन घट्ट कर’कडे येऊ. यामागेही एक अभ्यास आहे. 1979 मध्ये लंडनच्या स्टीव्हन ग्रीअर यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या 69 स्त्रियांची पाहणी मांडली. लढायच्या जिद्दीने आजाराला सामोऱ्या गेलेल्या स्त्रियांची स्थिती पाच वर्षांनी अधिक चांगली होती, असं तीत दिसलं. ही गोष्ट जगभर पसरली. वीस वर्षांनी, 1999 मध्ये, मॅगी वॉटसन यांनी ग्रीअर यांच्याच साथीने 578 स्त्रियांवर ती पुन्हा तपासली. जिद्दीमुळे आयुष्य वाढल्याचं या वेळी आढळलं नाही. मात्र ज्यांनी पुरती आशा सोडली होती, त्यांना आजार उलटण्याचा वा मृत्यूचा धोका अधिक होता.

मला हा निकाल मोठा दिलासा देणारा वाटतो. आजारी माणसाने रोज वाघ व्हायची गरज नाही. तो रडला, चिडला, दोन दिवस कुणाशी बोलला नाही, म्हणून त्याची गाठ वाढत नाही. त्याला पूर्ण खचू द्यायचं नाही एवढंच बघायचं, आणि ते काम त्याच्या एकट्याचं नाही. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि जेवण सुटलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. त्यावरही उपचार असतात.

डॉ. अनिता अवचट यांची आठवण इथे येते. 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते त्यांच्या आणि अनिल अवचटांच्या धडपडीतून. कर्करोग झाल्यावरही त्या व्यसनी माणसांसाठी काम करत राहिल्या. 1997 मध्ये त्या गेल्या. त्यांची जिद्द कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती होईल? पण गल्लीतला एखादा माणूस जातो तेव्हा आपण सहज बोलून जातो, ‘त्याने मनच सोडलं होतं.’ मागे राहिलेल्या बायकोला आणि लेकरांना ते जन्मभर टोचत राहतं.

मग मनाची ताकद कशात दिसते? माझं उत्तर अगदी साधं आहे : दवाखान्याची तारीख पाळण्यात. टीबीचंच बघा. कोंदट खात्यात पाळ्या करणाऱ्या आणि दाटीने राहणाऱ्या आमच्या वस्तीला हा आजार नवा नाही. साध्या टीबीचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, त्यात पहिले दोन महिने चार औषधं. महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येतं, माणसाला वाटतं झालं. तिथेच गोळ्या सुटतात आणि औषधाला न जुमानणारा टीबी होण्याचा धोका उभा राहतो. बरं वाटत असताना उरलेले चार महिने गोळी घेत राहायला जो विश्वास लागतो, तो मला डोंगर चढण्याइतकाच मोठा वाटतो. सरकार पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात महिन्याला पैसे जमा करतं. आधी ते 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. ते मागायला लाजू नका.

भगताकडे जाणाऱ्यांवर मी चिडत नाही. भगत हात धरतो, नाव घेऊन बोलतो, वेळ देतो, आणि घाबरलेल्या माणसाला तेच हवं असतं. पण भगत जेव्हा म्हणतो, ‘हे बाहेरचं आहे, सुई लावू नका,’ तेव्हा तो जीव घेतो. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये मांडलेल्या अभ्यासात, बरा होऊ शकणारा कर्करोग असताना प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्यांना मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. अंगारा कपाळाला लावा आणि केमोची तारीख गाठा. अंगारा त्याला कधी आड येत नाही.

हे आपल्याला गाडगे महाराजांनी फार आधी करून दाखवलं. ते जन्मभर कीर्तनातून देवाचं नाव घेत राहिले आणि त्याच कीर्तनात नवसाला बोकड कापणाऱ्यांना, कर्ज काढून देवकार्य करणाऱ्यांना फैलावर घेत राहिले. 1923 मध्ये कोकणात खारेपाटणला त्यांचं कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हा प्रसंग धैर्याचा म्हणून सांगतात, पण तो कुणाला कित्ता म्हणून देऊ नये असं मला वाटतं. तो त्यांच्या एकट्याचा आहे. कित्ता घ्यावा त्यांच्या धर्मशाळांचा. देवळं बांधण्याऐवजी त्यांनी माणसांना टेकायला जागा बांधल्या. मुंबईला जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली, आणि दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गरीब रुग्ण उतरतात. पहाटेची फ्लाइंग राणी पकडून सुरतेहून मुंबईला जाणाऱ्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा आहे हे कळलं, की त्याचं अर्धं मन तिथेच घट्ट होतं.

तसंच कार्डाचं. गुजरातमध्ये आयुष्मान-मा योजनेची मर्यादा जुलै 2023 पासून 10 लाख रुपये आहे. आपल्यातल्या अनेकांची शिधापत्रिका मात्र अजून धुळ्या-जळगावच्या गावीच आहे. महाराष्ट्राचं आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं, पण 5 लाखांपर्यंत. दुखणं निघायची वाट न बघता आपल्या घरात कोणतं कार्ड आहे ते आज रात्रीच बघून ठेवा.

त्या बाईंनी नवस केलाय. ‘मला बरं कर’ असं देवीला त्यांनी म्हटलेलंच नाही. “सहाच्या सहा केमो घेऊन झाल्या की गडावर येईन,” एवढंच बोलल्या आहेत. केस गेले तेव्हा त्या दोन दिवस कुणासमोर आल्या नाहीत. तिसऱ्या केमोनंतर तोंडात फोड आले, अन्न जाईना, तेव्हा नवसाची आठवण करून देणारी जाऊच होती. भेटायला गेले की मी आता मन घट्ट करायला सांगत नाही. पुढची तारीख कधी आणि सोबत कोण, हे विचारते. चौथी केमो येत्या मंगळवारी आहे. नवऱ्याला पाळी सोडता येत नाही आणि जाऊ लग्नासाठी दोंडाईचाला गेली आहे, म्हणून यावेळी मी जाणार आहे.

(पुढच्या आठवड्यात : रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्याची झोप)