मन शांत झाले. माणूस कनवाळू झाला का?

२१ जून म्हणजे योग दिन. चाकूर असो, अहमदपूर असो की नांदेड, या दिवशी व्यासपीठावरून होणारे भाषण साधारण एकच असते: योगाने मन शांत होते, शांत मन प्रेमळ होते आणि प्रेमळ माणसांमुळे समाज सुखी होतो. या साखळीची पहिली कडी बऱ्यापैकी मजबूत आहे. श्वासावर लक्ष ठेवून रोज थोडा वेळ बसणाऱ्याचे चित्त कमी भटकते, याचे पुरावे आहेत. दुसऱ्या कडीबद्दल मात्र कुणी प्रश्न विचारत नाही. चित्त एकाग्र झाले म्हणून माणूस शेजाऱ्याशी बरा वागू लागतो का? एकाग्रता खिसेकापूलाही लागतेच. दया ध्यानासोबत फुकट मिळत नाही, ती वेगळी शिकावी लागते. आणि गंमत अशी की आपल्याच मुलखातल्या जुन्या परंपरांनी ती ध्यानावर सोपवून दिली नव्हती.

याबाबतचा सर्वांत चोख प्रयोग जर्मनीतल्या लाइपझिग शहरात झाला. मॅक्स प्लांक संस्थेतल्या तानिया सिंगर यांनी सुमारे तीनशे सर्वसाधारण नागरिकांना नऊ महिन्यांचे प्रशिक्षण दिले आणि त्याचे तीन-तीन महिन्यांचे वेगळे भाग पाडले. एका भागात फक्त श्वास आणि शरीराकडे लक्ष, म्हणजे आपण ज्याला क्षणात राहणे म्हणतो ते. दुसऱ्यात मैत्रीभावनेचे ध्यान, आणि त्याला जोड म्हणून रोज एका जोडीदाराशी दहा मिनिटे बोलणे: एकाने दिवसभरातला त्रासाचा आणि समाधानाचा प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचे. जोडीदार दर आठवड्याला बदलायचा. तिसऱ्या भागात दुसऱ्याच्या बाजूने विचार करण्याचा सराव. मग पैसे वाटण्याचे खेळ आणि देणग्या यांवरून कोण किती उदार झाले ते मोजले. श्वासाच्या तीन महिन्यांनी लक्ष सुधारले, औदार्य जागच्या जागी राहिले. औदार्य वाढले ते मैत्रीभावनेच्या भागानंतर. ताणाचा निकाल तर आणखी बोलका आहे. चारचौघांसमोर परीक्षा देताना आपल्याला कमी ताण आला असे सगळ्याच गटांनी सांगितले. पण कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक नुसत्या श्वासाच्या सरावाने घटले नाही. ते घटले दुसऱ्या माणसाशी जोडणाऱ्या दोन भागांनंतर. म्हणजे बरे वाटणे आणि बदलणे यांत अंतर आहे. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की करुणेवर इतके मूलगामी काम करणाऱ्या याच सिंगर यांच्यावर सहकाऱ्यांना जाचक वागणूक दिल्याचे आरोप झाले आणि २०१८ च्या अखेरीस त्यांनी संचालकपद सोडले. प्रयोगाचे निष्कर्ष त्याने खोटे ठरत नाहीत. करुणेचे ज्ञान आणि करुणेचा सराव या दोन गोष्टी आहेत, एवढे मात्र कळते.

योगप्रेमी यावर बोस्टनचा प्रयोग पुढे करतील. २०१३ मध्ये तिथल्या संशोधकांनी आठ आठवडे ध्यान केलेल्यांना एका प्रतीक्षागृहात बसवले. तिथे कुबड्या घेतलेली, वेदनेने कण्हणारी बाई आली आणि बाकी बसलेल्यांनी ठरवून तिच्याकडे काणाडोळा केला. ध्यान न केलेल्यांपैकी १६ टक्के लोक खुर्ची द्यायला उठले, ध्यान केलेल्यांपैकी ५० टक्के. शिवाय ध्यान केलेल्यांतला नुसत्या सजगतेचा, म्हणजे क्षणात राहण्याचा सराव केलेला गट करुणेचे ध्यान केलेल्या गटाच्या मागे नव्हता. आकडे भुरळ घालणारे आहेत, पण माणसे होती जेमतेम ३९. पुढे २०१८ मध्ये अशा २२ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा परिणाम माफक निघाला. त्यातही करुणा वाढल्याचे ठळकपणे दिसले ते ध्यान शिकवणारा स्वतःच शोधनिबंधाचा सहलेखक होता अशा अभ्यासांत. बफेलो विद्यापीठाच्या मायकेल पूलिन यांचे २०२१ मधले निरीक्षण मला सर्वांत पटते. सजगतेच्या छोट्या सरावानंतर त्यांनी लोकांना एका समाजकार्यासाठी लिफाफे भरायला बोलावले. स्वतःला इतरांशी बांधलेले मानणारे अधिक संख्येने पुढे आले, स्वतःला सुटे मानणारे सरावामुळे उलट मागे सरले. मुळात जे आहे त्यालाच ध्यान बळ देते.

म्हणूनच इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर नजर स्थिर करण्याची जी साधना लातूर-नांदेडच्या लिंगायत घराघरांत चालत आली, तिच्याकडे नुसती पूजा म्हणून पाहू नये. बाराव्या शतकात इथून जवळच्या कल्याणात बसवण्णा आणि शरणांनी त्या साधनेच्या शेजारी कायक आणि दासोह ठेवले: कष्टाने मिळवा आणि त्यातले वाटा. नांदेडला सचखंड हुजूर साहिबमध्ये नामसिमरन आणि लंगर एकाच आवारात चालतात. खाली बसून शेजारच्याबरोबर जेवणे हा तिथे साधनेचाच भाग आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये मुंबईत पहिले शिबिर घेऊन भारतात आणलेल्या विपश्यनेतही श्वास आणि संवेदनांचा अभ्यास आधी, आणि दहाव्या दिवशी मंगल मैत्री हा स्वतंत्र पाठ. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरे येते. त्याच्या आधी यम आहेत आणि यमांत पहिली अहिंसा. आपण मात्र तिसऱ्या पायरीवर सतरंजी अंथरून पहिल्या दोन पायऱ्या चढल्याचे गृहीत धरतो.

या परंपरा इतक्या शहाण्या होत्या, तर गावातल्या वेशी आणि वेगळे पाणवठे टिकले कसे, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. दासोह आणि पंगत जिथे आपल्याआपल्यातच उरली, तिथे दयेलाही कुंपण पडले. दुसरा आक्षेप पोटाचा. सोयाबीनला भाव नाही, बँकेची नोटीस आली आहे, आणि तुम्ही सांगता डोळे मिटून वर्तमानात राहा. शेतकऱ्याने अन्याय निमूट गिळावा म्हणून ध्यान वाटले जात असेल, तर ते सरळ नाकारावे. पण मग मैत्रीभावनेचा सराव आधी खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याने करायला हवा: कर्ज मंजूर करणारा, सातबारा देणारा, केसपेपर काढणारा. योग दिनाला पहिल्या रांगेत सतरंजी त्यांचीच असते.

राहता राहिल्या शाळा. विपश्यना विशोधन विन्यासाच्या साहाय्याने आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणे, शिकवणारा ‘मित्र उपक्रम’ महाराष्ट्राच्या शाळांत आलेला आहे. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक मुलांवर शालेय सजगतेची मोठी चाचणी झाली आणि २०२२ च्या निकालात नेहमीच्या तासांपेक्षा तिचा काही जास्त लाभ दिसला नाही. बहुतेक मुले घरी सरावच करत नव्हती. त्यामुळे डोळे मिटण्याची मिनिटे वाढवून फार काही हाती लागेल असे वाटत नाही. चाकूर तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना एक विनंती करावीशी वाटते. योगाच्या तासातली शेवटची दहा मिनिटे लाइपझिगच्या पद्धतीने द्या. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावा, म्हणजे रोज शेजारी बसणारे, एका वाड्यावरचे, एका आडनावाचे दर वेळी एकत्र येणार नाहीत. एकाने आपली अडचण सांगावी, दुसऱ्याने गप्प बसून ऐकावी, मग उलट. आठवडा संपला की चिठ्ठ्या नव्याने टाकाव्यात. याला अनुदान लागत नाही, मंडप लागत नाही आणि प्रमुख पाहुणेही लागत नाहीत.