एका घरांतील अनेक वाहनें व त्यांचा विमा

पूर्वीं वऱ्हाडांत घराची ऐपत बैलजोड्यांवरून मोजीत. आज अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं एक मोटार, दोन मोटारसायकली व ट्रॅक्टर उभीं दिसतात. बैलास सरकी व ढेप लागे. वाहनास तेलाखेरीज विम्याचा हप्ता लागतो. वाहनें वाढलीं म्हणजे हा खर्च नजरेंत भरतो, आणि “शेतापर्यंतच तर जावयाचें आहे” असें म्हणून एखाद्या गाडीचा विमा राहून जातो. ही काटकसर किती घातक आहे व खरी काटकसर कोठें करितां येते, हें येथें सांगावयाचें आहे.

विम्याचे मुख्य भाग तीन. पहिला, आपल्या वाहनानें परक्याची हानि झाल्यास ती भरून देणारा. दुसरा, आपल्याच वाहनाच्या मोडतोडीचा व चोरीचा. तिसरा, वाहन चालवितांना खुद्द मालकास होणाऱ्या अपघाताचा.

पहिला भाग १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणें सार्वजनिक जागीं चालणाऱ्या प्रत्येक वाहनास सक्तीचा आहे. शेताकडे जाणारा गांवचा रस्ताहि सार्वजनिकच होय. घरांत वाहनें अनेक आहेत म्हणून यांत सूट मिळत नाहीं. १ जून २०२२ पासून अमलांत आलेल्या सरकारी दरपत्रकांत १००० ते १५०० सी. सी. च्या खाजगी मोटारीस ३,४१६ रुपये व ७५ ते १५० सी. सी. च्या दुचाकीस ७१४ रुपये वार्षिक हप्ता ठरला. एक मोटार व दोन दुचाकी मिळून ४,८४४ रुपये झाले, कर निराळा.

हे पैसे वांचविल्यास काय होतें? माझी हयात महसूल खात्यांतील कारकुनींत गेली, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतों. अपघाताची जी भरपाई न्यायाधिकरण ठरवितें, ती न दिल्यास कलम १७४ अन्वयें तिचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊं शकतो, व ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. नोटीस, जप्ती व लिलांव यांचा अर्थ खातेदारास समजावून सांगावयास नको. सातशें रुपयांकरितां वडिलार्जित वावर पणास लावणें शहाणपणाचें नव्हे.

काटकसरीची खरी जागा तिसऱ्या भागांत आहे. मालकाच्या अपघाताचा विमा २०१८ सालीं १५ लाख रुपयांचा करण्यांत आला; तेव्हां त्याचा वार्षिक हप्ता ७५० रुपये होता. हा विमा माणसाचा आहे, गाडीचा नव्हे. एकाच्या नांवावर तीन वाहनें असलीं तरी असा एकच विमा पुरतो. तो प्रत्येक गाडीबरोबर घेतल्यास त्या दरानें ७५० ऐवजीं २,२५० रुपये जातील. तेव्हां पहिला विमा एजंटास दाखवून दुबार आकारणी थांबवावी. मात्र मुलाच्या नांवें गाडी असल्यास त्याचा विमा निराळा लागतो.

दुसऱ्या भागाचे दर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. दोन-तीन ठिकाणीं चौकशी करावी. वर्षभर भरपाई न मागितल्यास पुढील वर्षीं या भागाच्या हप्त्यांत २० टक्के सूट मिळते व ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. विमा संपून ९० दिवस लोटले कीं ती बुडते. एकाच मालकाच्या मोटारी व दुचाकी एका विम्यांत घेण्याची मुभा २०२२ च्या जुलैंत कंपन्यांस मिळाली. पण बाप-लेकांच्या नांवांवर वांटलेल्या वाहनांस तिचा उपयोग नाहीं.

ट्रॅक्टरविषयीं एकच सूचना. शेतकामापुरता विमा असतां ट्रॉलींत भाड्यानें माणसें नेल्यास भरपाई नाकारण्यास कंपनीस कारण सांपडतें.

शेवटीं, एका कागदावर प्रत्येक वाहनाचा नंबर, मालकाचें नांव, विम्याचे भाग व मुदतीची तारीख लिहून तो सात-बाराच्या उताऱ्याशेजारीं ठेवावा. कोणता हप्ता दुबार जातो व कोणता चुकला, हें त्यावरून घरांतील कोणासहि कळेल.