शंखी गोगलगाय : नाव, प्रसार आणि अधिवास

गोगलगाय हा शब्द मराठीत निरुपद्रवीपणाचा वाचक आहे. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण तिच्यावर संशय घेते खरी. परंतु तो संशय वरून गरीब दिसणाऱ्या माणसावरचा असून प्राण्यावरचा नव्हे. शब्दाच्या अखेरीस ‘गाय’ आहेच. शेजारच्या कन्नड भाषेतही याच प्राण्याला ‘बसवनहुळु’, म्हणजे बसवाचा, अर्थात नंदीचा किडा, असे म्हणतात. डोक्यावरची शिंगांसारखी स्पर्शके आणि संथ चाल पाहून दोन्ही भाषांना गोवंशच आठवावा, हे लक्षणीय आहे. अशा सौम्य नावाखाली एक सर्वस्वी परका प्राणी मराठवाड्याच्या शिवारात वावरू लागला असून त्या नावाने त्याचे परकेपण झाकले गेले आहे.

हा प्राणी म्हणजे आफ्रिकी महाकाय गोगलगाय. तिचे मूलस्थान पूर्व आफ्रिकेचा किनारी प्रदेश होय. तेथून ती मॉरिशसमध्ये पोहोचली, आणि 1847 मध्ये शंखशिंपल्यांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. भारतातील तिचा इतिहास येथून सुरू होतो. पुढील प्रसाराचे श्रेय तिच्या चालीला देता येणार नाही. एका रात्रीत ती फार तर काही मीटर सरकते. रोपवाटिकेतील रोपांच्या मुळांची माती, शेणखत, उसाचे बेणे, भाजीपाल्याची वाहने यांतून तिची अंडी व पिले दूरवर जातात. म्हणूनच तिचा प्रसार पाण्यावरील तेलासारखा सलग पसरत नाही; दूरदूरच्या गावी तो बेटांसारखा अकस्मात प्रकट होतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 1966 मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या. त्यांच्या संततीचे निर्मूलन पूर्ण होण्यास सुमारे दहा वर्षे लागली आणि तोवर अठरा हजारांवर गोगलगायी गोळा कराव्या लागल्या. ही गोगलगाय उभयलिंगी असून एका खेपेस शंभरावर अंडी घालते आणि एकदा झालेल्या समागमातील शुक्र साठवून ठेवू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे आश्चर्य वाटत नाही.

मराठवाड्यात या प्रश्नाचे गांभीर्य 2022 च्या खरिपात सर्वांच्या लक्षात आले. लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद या तीन जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी फस्त केली, अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली, आणि शासनाला सुमारे 72 हजार हेक्टरांसाठी भरपाई मंजूर करावी लागली. यांपैकी लातूर व बीड यांच्या सीमा परभणी जिल्ह्याला भिडतात. सोनपेठ आणि गंगाखेड हे तालुके तर त्या सीमेवरच वसलेले आहेत.

परभणीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. ओलाव्यावर जगणाऱ्या मृदुकाय प्राण्याला तो सोसू नये असे वाटते. तथापि अशा वेळी ही गोगलगाय मातीत शिरते, शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करते आणि मृगाची वाट पाहते. पहिल्या पावसाने ती जागी होते, आणि नेमकी त्याच सुमारास सोयाबीनची बीजदले जमिनीवर येतात. दिवसा तिचा मुक्काम बांधावरील गवताच्या बुडात, दगडांखाली, उकिरड्यात असतो. सूर्यास्तानंतर ती पिकात उतरते. त्यामुळे नुकसानीची पहिली खूण शेताच्या मध्यात न दिसता बांधालगतच्या तासांत दिसते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने आणि उसाच्या पाचटाने तिला कोरड्या महिन्यांतही ओलसर आसरा उपलब्ध करून दिला आहे. शंख बांधण्यासाठी तिला चुन्याची गरज असते, आणि मराठवाड्याच्या काळ्या मातीत चुनखडीची वाण नाही. पाणी आणि पीक माणसाने पुरवले, चुना भूमीने.

येथे नावाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. काँग्रेस गवत, वेडी बाभूळ या आगंतुक वनस्पतींना लोकांनी नवी नावे दिली. त्या नावांतच ‘ही आपली नव्हे’ अशी जाणीव आहे. गोगलगायीच्या बाबतीत तसे घडले नाही. कृषिविषयक मराठीने ‘शंखी’ आणि ‘शेंबी’ असा भेद केला खरा, पण तो कवच असणे वा नसणे एवढाच आहे. देशी गोगलगायींनाही शंख असतोच. ‘शंखी’ हे विशेषण शरीर सांगते, मूळ सांगत नाही. परिणामी उपद्रवाच्या पहिल्या वर्षी बांधावर दिसलेली चार-दोन जनावरे नेहमीचीच समजून दुर्लक्षिली जाणे, आणि पुढे चिडून देशी गोगलगायीही सरसकट मारल्या जाणे, या दोन्ही चुका संभवतात. यांपैकी पहिली अधिक महाग पडणारी आहे, कारण उपाय लागू पडतो तो संख्या थोडी असतानाच.

तो उपाय साधाच आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्था शेतकऱ्यांना याविषयी मार्गदर्शन करतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधालगत पसरावीत, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या वा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. हातमोज्यांची सूचना वावगी नव्हे. उंदरांच्या फुप्फुसातील एका कृमीचे ही गोगलगाय वहन करते आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला दाह करू शकतो. शेताभोवती चुन्याच्या भुकटीचा पट्टाही ओढतात. शंखासाठी तिला हवा असलेला चुनाच भुकटीच्या रूपात तिच्या ओल्या अंगाला कोरडा करतो. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या परिणामकारक असल्या तरी कुत्री व गुरे यांच्यापासून त्या दूर ठेवणे अगत्याचे असते.

दुसऱ्या एखाद्या भक्षकाची आयात करून हा प्रश्न सोडविण्याची कल्पना अधूनमधून डोके वर काढते. पॅसिफिक बेटांवर तसे करून झाले आहे. हवाईमध्ये 1955 मध्ये आणि पुढे ताहिती परिसरात 1970 च्या दशकात एक मांसाहारी गोगलगाय आणली गेली. तिने आफ्रिकी गोगलगाय संपवली नाही, मात्र पार्टुला या स्थानिक गोगलगायींच्या कित्येक जाती नामशेष केल्या.