टाचणांचे बिऱ्हाड

दिल्लीत आय.एन.ए. बाजाराजवळ लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. अशा वसाहतीत राहणाऱ्याला एक गोष्ट लवकरच उमजते. घर कितीही आवडते असो, नोकरी संपली की किल्ली परत करावी लागते. म्हणून जाणता बिऱ्हाडकरू कपाट विकत घेतानाच ते दारातून बाहेर निघेल की नाही, हे पाहून ठेवतो. आज मला बोलायचे आहे ते संगणकावरील टाचणांविषयी; पण तेथेही शहाणपण हेच आहे.

लक्ष्मीबाई नगरात असताना मी दिल्लीतील मराठ्यांच्या इतिहासाची टाचणे फावल्या वेळी कचेरीतील संगणकावर उतरवीत असे. निवृत्तीच्या वेळी त्यांची प्रत घरी आणली, फाईल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन सडा पडला. त्या जुन्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीची चित्रे चढविलेली असत. चित्रांचा तो संच घरच्या यंत्रात नव्हता. त्यामुळे खालचे रोमन अक्षर उघडे पडले. रूपांतर करणाऱ्या साधनांनी बराच मजकूर परत मिळवून दिला. परंतु जोडाक्षरे फुटली, आणि कोणता मुद्दा कोणाच्या पोटात होता, ती उतरंड साफ मोडली.

ही उतरंड म्हणजेच टाचणांचा प्राण होय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 साली संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, आणि 1976 साली पहिला खंड निघाला. चिठ्ठी कोणत्या शब्दाखाली लागते हे ठरलेले होते, म्हणून त्या ढिगाचा कोश होऊ शकला. नुसत्या चिठ्ठ्यांची केवळ रद्दी झाली असती.

रूपरेषा मांडणारे सॉफ्टवेअर हेच काम करते. 'दिल्लीतील मराठे' या मथळ्याखाली 1737 मधील बाजीरावांची स्वारी, 1771 मधील महादजी शिंद्यांचा दिल्लीप्रवेश, 1803 मधील पटपडगंजची लढाई, असे मुद्दे येतात. प्रत्येकाच्या पोटात आणखी तपशील येतो. मथळा मिटला की पोटातले सारे झाकले जाते, उघडला की दिसते. मुद्दा हलविला तर त्याचा सारा परिवार त्याच्यामागून जातो. कागदी चिठ्ठीला हे साधत नाही. ही कल्पना नवी नाही. डग्लस एंगेलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे केलेल्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकात अशी मिटणारी-उघडणारी यादी दाखविली होती.

आता निवड कशी करावी? बहुतेकांपाशी आज दोन-तीन यंत्रे असतात: घरी विंडोज, मुलाकडे मॅक, खिशात अँड्रॉइड. ऑम्नीआउटलायनर उत्तम आहे, पण ते ॲपलच्याच यंत्रांवर चालते. तेव्हा मिश्र घरात ते बाद. वर्कफ्लोई 2010 पासून आहे. ते ब्राउझरमध्ये व मोबाईलवर चालते आणि शिकायला फार सोपे आहे. मात्र टाचणे त्या कंपनीच्या संगणकांवर राहतात. ऑर्ग-मोड हे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी 2003 मध्ये सुरू केले. त्याची फाईल म्हणजे साधा मजकूर, जो कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. पण ते शिकायला चिकाटी लागते आणि मोबाईलवर ते अवघडच जाते. लॉगसेकची फायलींवर चालणारी आवृत्ती साधा मजकूर आपल्याच यंत्रात ठेवते. ती फाईल दुसऱ्या यंत्रावर पोचविण्याची व्यवस्था मात्र आपण पाहावी लागते.

यांतील श्रेष्ठ कोणते, हे मी सांगणार नाही. त्याऐवजी तीन परीक्षा सांगतो. त्या पहिल्याच दिवशी, दहा-वीस टाचणांवर कराव्यात. दहा हजारांवर नव्हे.

पहिली परीक्षा देवनागरीची. युनिकोडमुळे माझ्या जुन्या फाईलसारखा घोटाळा आता सहसा होत नाही. तरीही 'बिऱ्हाड' हा शब्द टंकून पाहावा. यातील 'ऱ्ह' दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला 'ऱ' असतो. दुसरीत साधा 'र' आणि त्याच्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. मोबाईलवर लिहिलेले 'बिऱ्हाड' संगणकावर शोधले असता सापडते का, हे पाहावे. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्याचा' अशा रोजच्या शब्दांचीही हीच गत आहे.

दुसरी परीक्षा जाळे तुटल्यावरची. इंटरनेट बंद करून मोबाईलवर एक मुद्दा बदलावा, तोच मुद्दा संगणकावर निराळा बदलावा, आणि मग जाळे जोडावे. दोन्ही बदल राहतात, की एक मुकाट्याने पुसला जातो, हे कळेल.

तिसरी परीक्षा किल्ली परत करण्याची. सारी टाचणे साध्या मजकुरात आणि ओपीएमएल या स्वरूपात बाहेर काढावीत. 2000 साली पुढे आलेल्या या स्वरूपात मुद्द्यांची उतरंड जपली जाते, आणि अनेक साधने ते ओळखतात. निघालेली फाईल दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. महादजी बाजीरावांच्या पोटात शिरले नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहावे.

या तिन्ही परीक्षांना अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास मी दिला नाही, आणि त्याची भरपाई करण्यात माझा निवृत्तीनंतरचा एक अख्खा हिवाळा गेला. आता मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला टाचणांची एक प्रत बाहेर काढून ठेवतो. साधन बदलेल, कंपनी मिटेल, यंत्र मोडेल. बिऱ्हाड मात्र बांधलेले असावे.