पेढीच्या गादीपासून अखिल भारतीय अध्यक्षपदापर्यंत
शेठ वालचंद हिराचंद यांची तीस वर्षांची वाटचाल

लातूरच्या गंजगोलाईत धान्याची आडत करणाऱ्या जुन्या घराण्यांतील वृद्धांना बार्शी लाईट रेल्वेची आठवण अद्याप आहे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती लहानशी गाडी कुर्डुवाडीहून बार्शी, येडशी, तडवळे, ढोकी अशी मजल दरमजल करीत लातूरला येत असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. त्यापूर्वी निजामाच्या मुलखातील लातूरचा माल बैलगाड्यांनी इंग्रजी हद्दीतील बार्शीच्या पेठेत न्यावा लागे. रेल्वे आली आणि लातूरची पेठ मुंबईच्या बाजाराशी थेट जोडली गेली. तिकडे नांदेडला गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज रेल्वेने विसाव्या शतकाच्या प्रारंभी हेच कार्य केले होते. आज मराठवाड्यात स्थिरावलेल्या अनेक व्यापारी घराण्यांच्या उत्कर्षाचा आरंभ या दोन लोहमार्गांपाशी सापडतो.

यांपैकी बार्शी लाईट रेल्वेच्या कामाशी एका जैन व्यापारी घराण्यातील तरुण वारसाचे नाव निगडित आहे. सोलापूरच्या पेढीवर बसून सावकारी व कापसाचा व्यापार पाहावा, अशी ज्याच्याविषयी सर्वांची अपेक्षा होती, त्याने वयाच्या विशीत या रेल्वेचे कंत्राट घेतले. तोच पुढे देशातील व्यापार-उद्योगांच्या सर्वोच्च संघटनेचा अध्यक्ष झाला. ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी.

वारसा आणि अस्वस्थता

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील, दिगंबर जैन आणि व्यापारानिमित्त सोलापुरात स्थायिक झालेले. पिता शेठ हिराचंद नेमचंद हे व्यापारात जितके मुरलेले, तितकेच समाजकार्यात अग्रेसर होते. 'जैन बोधक' या नियतकालिकाचा प्रारंभ त्यांनीच केला. शिक्षण, ग्रंथप्रसार आणि समाजसुधारणा यांची चर्चा घरात नित्य चालत असे. त्यामुळे वालचंदांना वारशाने जे लाभले त्यात धनाबरोबर विचारही होता.

सोलापुरातील शालेय शिक्षणानंतर त्यांनी मुंबई व पुणे येथे महाविद्यालयात प्रवेश घेतला; परंतु पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले. पेढीचे काम सुरक्षित होते. व्याजाचा दर ठरलेला, ऋणको ओळखीचे आणि कापसाचा हंगाम ठाऊक असलेला. या चाकोरीत वालचंदांचे मन रमले नाही. आपल्या समाजातील प्रत्येक पिढीत असा एखादा मुलगा निघतो आणि बहुतेक वेळा घरचे वडीलधारे त्याला समजावून पुन्हा गादीवर बसवतात. वालचंदांच्या बाबतीत तसे घडले नाही, याचे श्रेय त्यांच्या जिद्दीस द्यावे लागते, तसेच त्यांच्या घरातील मोकळ्या वातावरणासही.

पहिली भागीदारी

लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेच्या नोकरीत कारकून म्हणून काम केलेले गृहस्थ. त्यांच्यापाशी कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांपाशी घराण्याची पत होती, बांधकामाचा अनुभव नव्हता. १९०३ च्या सुमारास या दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून 'फाटक-वालचंद' या नावाचा प्रारंभ झाला. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकारपुत्र यांची ही जोडी त्या काळी लोकांस नवलाची वाटली असावी. हिशेबाच्या दृष्टीने पाहता ती अत्यंत शहाणपणाची होती. भागीदार आपल्यासारखाच असावा, हा आपल्याकडील सर्वसाधारण आग्रह. भागीदारापाशी आपल्यात उणे असलेले गुण असावेत, हे वालचंदांनी ओळखले.

सावकारी आणि कंत्राट या दोन व्यवसायांत मूलभूत अंतर आहे. सावकारीत पैसा तारणावर जातो. कंत्राटात तो मजुरी, खडी, रूळ आणि जनावरे यांवर आधी खर्च होतो आणि देयक मंजूर होईपर्यंत धीर धरावा लागतो. पावसाळा लांबला, साथ आली, अधिकाऱ्याने मोजमाप नाकारले, तर नफ्याचे गणित कोलमडते. वालचंद हा धोका पत्करण्यास शिकले ते याच काळात. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी यांसारखी प्रचंड कामे त्यांच्याशी संबंधित कंपन्यांनी पार पाडली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. त्याच दशकात नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात कळंबच्या माळावर ऊसशेतीचे व साखरेचे प्रयोग सुरू झाले. कळंबचा तो माळ आज वालचंदनगर या नावाने ओळखला जातो.

समुद्रावरील परीक्षा

राष्ट्रीय नेतृत्वाची खरी कसोटी मात्र समुद्रावर लागली. पहिले महायुद्ध संपताच ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडील एक जहाज विक्रीस असल्याचे वालचंदांना कळले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मुंबईच्या उद्योगपतींसह त्यांनी ते खरेदी केले आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. साडेचार कोटी रुपयांच्या अधिकृत भांडवलाची ही कंपनी त्या काळी असामान्य मानली गेली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'एस. एस. लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या दिवसाची स्मृती म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

पुढचा इतिहास मात्र तोट्याचा आहे. इंग्रज जहाज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडले. त्यांच्याच जहाजांतून माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांना त्या भाड्यात सूट देत आणि दुसऱ्याकडे वळणारा व्यापारी ती सूट गमावत असे. 'लॉयल्टी' किफायतशीर ठरली नाही व काही वर्षांतच मोडीत निघाली. सिंदिया विकत घेण्याचा प्रस्तावही इंग्रज कंपनीकडून आला. अनेकांना तो स्वीकारार्ह वाटला असता, कारण बुडत्या धंद्यातून मुद्दल सुटणे हाच लाभ. वालचंद व नरोत्तम मोरारजी यांनी विक्रीस नकार दिला. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार सिंदियाला किनाऱ्यावरील मालवाहतुकीपुरतेच, मर्यादित जहाजांनिशी राहावे लागले. अटी अपमानास्पद होत्या. परंतु कंपनी जिवंत राहिली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचे अपघाती निधन झाले आणि अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडे आली. ती त्यांनी १९५० पर्यंत वाहिली.

या संघर्षातून वालचंद एक गोष्ट शिकले. एकट्या कंपनीने कितीही काटकसर केली, तरी सरकारी धोरण विरुद्ध असेल तर तिचा निभाव लागत नाही. भारतीय किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, असे विधेयक साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. ते कायद्यात उतरू शकले नाही. व्यापाऱ्यांचा आवाज संघटित असल्याशिवाय असे प्रश्न सुटणार नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

अध्यक्षपदाचा अर्थ

१९२७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी वालचंद मुंबईच्या इंडियन मर्चंट्स चेंबरचे अध्यक्ष होते. महाराष्ट्रातील लहान शहरांच्या व्यापाऱ्यांना स्वतःचे व्यासपीठ हवे, म्हणून त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापनाही त्याच वर्षी झाली. सोलापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाला मोफसलच्या व्यापाऱ्याची अडचण ठाऊक होती. दिल्लीच्या पातळीवर भारतीय व्यापार-उद्योगांचा महासंघ, म्हणजे आजचा 'फिक्की', हाही १९२७ मध्येच घनश्यामदास बिर्ला व पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला. १९३२-३३ या वर्षासाठी त्याचे अध्यक्षपद वालचंदांना मिळाले. तेव्हा ते पन्नाशीचे होते.

काळ कठीण होता. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते, सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती आणि साम्राज्यांतर्गत मालाला सवलत देणारा ओटावा करार १९३२ मध्ये झाला होता. अशा वेळी सरकारला भारतीय व्यापाऱ्यांची बाजू ठणकावून सांगणारा माणूस हवा होता. ज्याने परकीय कंपनीचा दरयुद्धातील मार सोसला होता, त्याच्या शब्दाला वजन येणे स्वाभाविक होते. पेढीची गादी वारशाने मिळते. अध्यक्षपद मात्र बरोबरीच्या लोकांनी द्यावे लागते आणि ते लोक माणसाची खातेवही नीट तपासून पाहतात.

पुढील पर्व

अध्यक्षपदानंतर वालचंद विसावले नाहीत. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विलियम पॉली या विमान व्यावसायिकाशी त्यांची विमानप्रवासात भेट झाली आणि त्यातून म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी साकारली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी 'जलउषा' या जहाजाचे जलावतरण केले.

यांपैकी विमानांचा कारखाना युद्धकाळात, १९४२ मध्येच सरकारने ताब्यात घेतला. जहाजांचा कारखानाही १९५२ मध्ये मुख्यतः सरकारकडे गेला. स्वतः उभारलेली वस्तू आपल्या हाती राहत नाही, हे दुःख त्यांच्या वाट्यास आले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. बंधू गुलाबचंद, लालचंद व रतनचंद यांनी आणि पुढील पिढीने उद्योग सांभाळले. परिग्रहाची मर्यादा शास्त्रात सांगितली आहे. ती जीवन कशी शिकवते, याचे हे बोलके उदाहरण होय.

मराठवाड्यातील घराण्यांसाठी

आज लातूरच्या डाळ गिरण्यांत आणि नांदेडच्या कापूस-हळदीच्या व्यापारात तिसरी-चौथी पिढी कामाला लागली आहे. अनेक घरांत मुलगा सनदी लेखापाल वा अभियंता होऊन पुण्यात राहतो आणि वडिलांपुढे गादीचा प्रश्न उभा असतो. काही घरांत याच्या उलट स्थिती आहे. मुलगा दुकानात बसतो, पण मनाने तेथे नसतो. वालचंदांचे चरित्र या दोन्ही घरांना उपयुक्त आहे. त्यांनी पेढी सोडली, पण पेढीची पत, हिशेबाची शिस्त आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय सोबत नेली. ती नसती तर फाटकांशी भागीदारी जुळली नसती आणि सिंदियाचा पडता काळही निभावला नसता.

वारसा नसलेल्यांनाही हा मार्ग बंद नाही. बीड जिल्ह्यात जन्मलेले आणि वसतिगृहात राहून शिकलेले शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये भारतीय जैन संघटना स्थापन केली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी या संघटनेने घेतली. तिचे नाव देशभर पोहोचले, त्यामागे लातूर-धाराशिवच्या मातीतील ती सेवा आहे.

बार्शी लाईटचे अरुंद रूळ २००८ पर्यंत टप्प्याटप्प्याने निघाले व त्या जागी रुंद मार्ग आला. लातूरहून मुंबईस जाणाऱ्या गाडीत आज आपल्या समाजातील अनेक तरुण बसतात. त्यांना निरोप देण्यास स्थानकावर आलेल्या पित्याने एवढेच सांगावे की, या मार्गाच्या आरंभी आपल्यासारख्याच एका घरातील तरुणाने हात लावला होता. त्याला घरच्यांनी जाऊ दिले होते आणि त्याने घरची पत कधी डागाळू दिली नाही.