गोविंदराव काळे: निजामाच्या दरबारातला पेशव्यांचा वकील

हैदराबादेत निजामाचा इतिहास सगळ्यांना ठाऊक; पण इथले पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे कोण, असं विचारलं तर आपली मराठी मंडळीही गप्प होतात. मला तर खर्ड्याची लढाई त्यांच्यापासूनच सुरू झाल्यासारखी वाटते.

सवाई माधवराव जेमतेम विशीचे, परराष्ट्र कारभार नाना फडणीसांकडे. त्यामुळे काळ्यांची पत्रे जायची नानांना. वाद जुनाच, चौथाई-सरदेशमुखीच्या थकबाकीचा. ग्रँट डफने दिलंय, की मागणी केल्यावर दिवाण मुशीर-उल्-मुल्क म्हणाला, नानांनी स्वतः येऊन हिशेब समजवावा. ते कामात आहेत, असं वकिलाने सांगितलं. तर दिवाण म्हणे, त्यांना हजर कसं करायचं ते मी दाखवतो! अशा वेळी वकिलाने चिडून चालत नाही. बोलणं जसंच्या तसं पुण्याला कळवायचं.

११ मार्च १७९५ ला खर्ड्याला निजाम हरला. तहात दौलताबाद गेलं, मोठी रक्कम कबूल करावी लागली, आणि नानांना आणायला निघालेला दिवाणच ओलीस म्हणून पुण्याला गेला. तो १७९७ मध्ये परतला, पुन्हा दिवाण झाला. आणि १७९८ मध्ये हैदराबादने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला.